फळी वापरली : होय

झाडं मोजायला एवढ्या लांब कशाला गेलीस, हा प्रश्न मला आईपासून व्हिसाच्या खिडकीतल्या बाईपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. आईला मी सांगितलं होतं की तिथे झाडं कमी आहेत, मोजायला सोपं जाईल. तिने ते खरं मानलं आणि शेजारणीलाही सांगितलं. खिडकीतल्या बाईला मी जे सांगितलं ते लांबलचक होतं आणि त्यात 'हवामान' हा शब्द सहा वेळा आला होता. खरं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. मला सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, फुलं ओळखता येत होती, कोल्हापूरच्या कॉलेजात एमएस्सीला पहिला नंबर होता, आणि अलास्कातल्या एका प्रोफेसरांना दोन उन्हाळे डोंगरावर राहायला तयार असेल असा विद्यार्थी हवा होता. त्यांना दुसरं कुणी मिळालं नसावं.

तो डोंगर मी आता डोळे मिटून चढू शकते. छोट्या विमानाने नदीकाठच्या एका गावात उतरायचं, धावपट्टी म्हणजे खडीचा एक लांब पट्टा. तिथून अर्धा दिवस होडी. होडी लागते तिथे काठावर विलो आणि अल्डरची झुडपं इतकी दाट की सामान डोक्यावर घेऊन वाट काढावी लागते. मग पांढऱ्या स्प्रूसचं जंगल, उंच, सरळ, चालायला बरं. थोडं वर गेलं की जमिनीखाली फूटभरावर कायमचा बर्फ लागतो आणि तिथे काळा स्प्रूस सुरू होतो. हे झाड शंभर वर्षांचं झालं तरी माझ्या मनगटाएवढं असतं, वाकलेलं, अंगाला शेवाळाच्या झिपऱ्या. त्याच्यापुढे गवताचे गड्डे. गड्ड्यावर पाय ठेवला तर तो डुगडुगतो, दोन गड्ड्यांमध्ये ठेवला तर गुडघाभर पाणी. इथे मी पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले आणि प्रत्येक वेळी मराठीत शिव्या दिल्या, कारण त्या कुणाला कळणार नव्हत्या. मग बुटक्या बर्चचा पट्टा, कंबरेएवढा, वायरीसारख्या फांद्यांचा. आणि तो संपला की एकदम उघडा माथा.

माथ्यावर माती अशी नाहीच. दगडांवर पसरलेली बोरांएवढ्या काळ्या फळांची जमिनीलगतची झुडपं, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या-पिवळ्या लायकेनच्या गाद्या. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं चुलत भावंड. ओलं असताना ते स्पंजासारखं दबतं आणि परत उठतं. दोन दिवस ऊन पडलं की पापडासारखं कुरकुरीत होतं आणि पाय ठेवला की चुरा. हा चुरा परत गादी व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. एका उन्हाळ्यात ते वाढतं नखाच्या कडेएवढं.

या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बारा चौकोन आखलेले आहेत, प्रत्येकी दोन मीटरचे. चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या. चौकोनावर दोऱ्यांची जाळी ताणायची, जिथे दोरे एकमेकांना छेदतात तिथे बारीक सळई खाली सोडायची, तिच्या टोकाला जे लागेल त्याचं नाव ओरडायचं, जोडीदाराने ते लिहायचं. बर्च, बर्च, शेवाळ, दगड, लायकेन. दिवसभर हेच. एक ते आठ नंबरचे चौकोन खाली जंगलात आणि झुडपांत आहेत, नऊ ते बारा माथ्यावर.

माथ्यावरच्या चौकोनांचा एक नियम आहे. आत पाय ठेवायचा नाही, गुडघा नाही, हातही नाही. चौकोनाच्या दोन बाजूंना दोन बुटक्या घडवंच्या ठेवायच्या, त्यांवर आठ फुटी फळी टाकायची, फळीवर पालथं पडायचं आणि खाली बघत सळई सोडायची. प्रत्येक चौकोनाच्या कागदावर सगळ्यात वर एक ओळ असते. फळी वापरली : होय, नाही. 'नाही' असेल तर कारण लिहा.

हे चौकोन आखणाऱ्या तिघांपैकी एक मराठी होते. मी रुजू झाल्यावर महिन्याभरात मला त्यांचा फोन आला. पुण्याहून फार वर्षांपूर्वी इकडे आलेले, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेले, आता ऐंशीच्या पुढचे, देशाच्या दुसऱ्या टोकाला पिस्कॅटवेला मुलाकडे राहतात. मी त्यांना सर म्हणाले तर म्हणाले, "सर तुझ्या गाइडला म्हण. मी काका." तेव्हापासून दर रविवारी फोन. मी ज्या शहरात राहते तिथे हिवाळ्यात चार तास उजेड असतो आणि मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून मला त्या फोनची फार गरज होती, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. काकू भाजणीचे डबे पोस्टाने पाठवायच्या. काका चौकोनांची चौकशी नातेवाइकांसारखी करायचे. सहा नंबरात अजून तो आडवा पडलेला स्प्रूस आहे का? नऊ नंबरच्या वरच्या खुंटीला मी लाल रंग दिला होता, दिसतो का गं?

नऊ ते बारा यांवरच त्यांचं नाव झालं होतं खरं तर. या चार चौकोनांतलं लायकेन त्यांच्या काळात कसं घटत गेलं याचा एक आलेख आहे. तो उतरता आलेख पुस्तकांत आहे, लोकांच्या भाषणांत आहे, मी कोल्हापुरात असताना तो पडद्यावर बघितला होता. ऊन वाढतंय, बर्चची झुडपं वर सरकतायत, माथा उघडा पडतोय. झुडपं वर सरकतायत हे खरंच आहे, खालचे आठ चौकोन ते स्वच्छ सांगतात. माथ्याची गोष्ट सांगत होते हे चार.

आता माझ्या पहिल्या उन्हाळ्याचं सांगते.

काकांच्या वेळी फळी लाकडाची होती. माझ्या वेळी ॲल्युमिनियमची, वजनाला निम्मी, पण वारा लागला की हातात फिरते. बर्चच्या पट्ट्यातून ती नेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून शिडी नेण्यासारखं. दर दोन पावलांना अडकते. माझी जोडीदार एक अमेरिकन मुलगी होती, धिप्पाड, चांगली. अस्वलांसाठीची बंदूक, पाणी, तंबू हे तिच्या पाठीवर, फळी आणि घडवंच्या माझ्याकडे. कारण मीच पहिल्या दिवशी म्हणाले होते की मला जमेल. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या गटात मी एकटीच बाहेरून आलेली, आणि 'हिला जमेल का' हा प्रश्न माझ्या तोंडावर कुणी विचारला नसला तरी माझ्या डोक्यात तो विमानात बसल्यापासून चालू होता.

माथ्यावर जायच्या दिवशी पट्ट्याच्या मध्यावर माझा दम संपला. पश्चिमेकडून ढग येत होते आणि दोन दिवसांनी होडी होती. जोडीदार म्हणाली, फळी इथेच ठेवू, उद्या मी येऊन नेते. मी म्हणाले, उद्याचं कुणी बघितलंय, आजच उरकू, मी हलकी आहे, काही होत नाही. ती म्हणाली, तू सांगशील तसं.

त्याआधी चार दिवस कडकडीत ऊन होतं. नऊ नंबरच्या खालच्या कडेने मी आत गुडघा टेकला तेव्हा जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. जोडीदाराने मान वर केली आणि परत खाली घातली. मी चारही चौकोन गुडघ्यांवर वाचले. संध्याकाळी तंबूत कागद नीट लिहायला घेतले. 'नाही' लिहिलं असतं तर कारण लिहायला लागलं असतं. दमले, हे कारण मला इंग्रजीत लिहायचं नव्हतं. मी 'होय'वर खूण केली, चार वेळा. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

सड्यावर आम्हाला शिकवणारे मास्तर चप्पल काढायला लावायचे आणि फक्त दगडांवरून चाला म्हणायचे. एक मुलगा फुलांत फोटो काढायला बसला तर त्याला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या होत्या. मी तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसले होते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शहरात परत आल्यावर पहिल्या रविवारी काकांनी विचारलं, "वर फळी नेलीस ना गं?"

"हो काका."

"चारही ठिकाणी?"

"हो हो."

"शाब्बास," ते म्हणाले. आणि पुढच्या रविवारी परत तेच विचारलं. मला वाटलं, म्हातारपण, विसरतायत.

दुसऱ्या उन्हाळ्यात प्रोफेसर स्वतः आले. त्यांनी एका हाताने फळी उचलली आणि गाणं गुणगुणत वर गेले. त्या वर्षीचे आकडे नियमाने घेतले गेले. नऊ ते बारा नंबरांमध्ये लायकेन परत घटलं होतं. प्रोफेसरांनी चिंतेने मान हलवली आणि म्हणाले, आपल्या पेपरला बळ मिळालं. मी बुटाची नाडी बांधत होते, ती बांधतच राहिले.

त्या हिवाळ्यात, जानेवारीत, प्रोफेसरांनी एक खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. जुन्या फील्ड वह्यांच्या झेरॉक्स. "कडेला काहीतरी हिंदीत लिहिलंय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणी वाचलेलं नाही. तुला येईल."

ते हिंदी नव्हतं. काकांचं अक्षर बारीक, तिरकं, पुणेरी शुद्धलेखनाचं. पानाच्या मध्ये इंग्रजीत आकडे, वर तीच ओळ, फळी वापरली, होय. आणि समासात पेन्सिलीने मराठी. सुरुवातीला तर मला ते वाचताना मजा आली. डास फार. आज घरचं पत्र नाही. मूगडाळीची खिचडी केली, हे दोघे नाक मुरडून खातात आणि दोनदा घेतात. मग नऊ नंबरच्या पानावर हे आलं :

'फळी झुडपात अडकली. तिथेच ठेवून आलो. गुडघ्यांवर बसून वाचलं. खाली कुरकुर वाजतं. बरं वाटत नाही. पुढच्या वर्षी नक्की.'

पुढच्या वर्षीच्या पानावर : 'या वर्षीही फळी नाही. पाठ धरली आहे.' त्याच्या पुढच्या वर्षी : 'फळी नाही.' मग वर्षानुवर्षं नुसतं 'नाही'. वर इंग्रजीत मात्र दर वर्षी होय, होय, होय.

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर अंधार होता, दुपारचे साडेचार. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला बरं वाटलं. मी एकटी नाही, एवढ्या मोठ्या माणसानेही. हे बरं वाटणं पाचेक मिनिटं टिकलं असेल.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. जाळीवरच्या प्रत्येक छेदाचा नंबर कागदावर असतो, म्हणून कुठल्या जागी काय लागलं ते परत मांडता येतं. मी चारही चौकोनांचे वरचे आणि खालचे अर्धे भाग वेगळे केले. उतारावर माणूस गुडघे टेकतो ते खालच्या बाजूने, वर तोंड करून. काकांच्या सगळ्या वर्षांत वरच्या अर्ध्या भागात लायकेन जवळजवळ होतं तसंच होतं. खालचा अर्धा भाग रिकामा होत गेला होता. पुस्तकांतला तो आलेख ऊन वाढल्याचा नव्हता. एका माणसाच्या गुडघ्यांचा होता.

काकांनी ते काम सोडल्यावर बरीच वर्षं तिथे कुणी फारसं फिरकलं नाही, आणि अधूनमधून जे गेले ते नियमाने फळी घेऊन गेले. त्या वर्षांत खालचा भाग अगदी हळूहळू भरून येत होता. आणि मग माझा उन्हाळा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत खड्डा. चारही चौकोनांत, त्याच बाजूला. वीस वर्षांत जेवढं उगवलं होतं तेवढं मी एका दुपारी मोडलं होतं.

आता काय करायचं हे सरळ होतं, आणि तेच मला करता येत नव्हतं. काकांची वर्षं काढून टाकली तर नऊ ते बारा नंबरांत उरतात ती मधली तुरळक वर्षं आणि माझी. माझाही कागद खोटा असेल तर त्या चार चौकोनांवर कुणी भरवसा ठेवावा असं काही उरत नाही. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण जातं, ते परत लिहिता येईल. पण खोटा कागद लिहिणारी मुलगी म्हणून मी त्या विभागात राहीन की नाही, आणि विभागात नसेन तर या देशात राहीन की नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि काकांचं काय? ज्या चार चौकोनांची ते दर रविवारी खुशाली विचारतात, ते त्यांच्याच गुडघ्यांनी मेले, हे ऐंशीच्या पुढच्या माणसाला कुणी सांगायचं? आणि मी सांगायचं, मी?

तीन रविवार मी फोन उचलला आणि हवापाण्याचं बोलले. त्या तीन आठवड्यांत मी सगळ्यांवर चिडत होते, दुकानातल्या मुलीवरसुद्धा. रात्री झोप यायची नाही असं काही नाही, झोप यायची, पण उठल्यावर पहिला विचार तोच. मी मनाशी एक सोयीचा हिशेब केला, तोही सांगून टाकते. काकांचं तेवढं दुरुस्त करू. ते मोठे आहेत, निवृत्त आहेत, त्यांना कोण काय करणार? त्यांची वर्षं काढली, आणि माझी तशीच ठेवली, तर पेपर वाचतो. माझा खड्डा 'कारण स्पष्ट नाही' या तीन शब्दांत बसवता येईल. हे मी एका सकाळी दात घासताना ठरवलं आणि काकांकडे जायला मार्चच्या सुट्टीचं न्यूअर्कचं तिकीट काढलं.

दरवाजा काकूंनी उघडला. फोटोत बघितल्या होत्या त्यापेक्षा लहान चणीच्या. "बूट तिथेच काढ हं, कार्पेट नवीन आहे," म्हणाल्या, आणि मग जवळ घेतलं. त्या दिवशी संकष्टी होती. काकांचा उपास, चंद्रोदय कधी ते काकूंनी ॲपवर बघून ठेवलेलं. शाळेतून आलेली नात जिन्यावर फोन बघत बसली होती. काका कुठे आहेत विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "इन द बेसमेंट. विथ हिज डेड प्लांट्स."

"प्लांट्स डेडच असतात तिथे," काकू म्हणाल्या. "जा खाली. खिचडी आणते मी दोघांना."

काका खुर्चीत होते. फोनवरच्या आवाजावरून मी एक उंच माणूस कल्पिला होता. ते जेमतेम माझ्याएवढे होते. उजवा हात थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. भिंतीशी कपाटं, त्यांत वर्तमानपत्रात दाबलेली झाडं.

"ये ये. काय आणलंयस? नवे नंबर्स?"

"नाही काका. जुन्या वह्या. तुमच्या. झेरॉक्स आहेत."

"कुठे मिळाल्या तुला?"

"गाइडनी दिल्या. म्हणाले, कडेला हिंदीत काहीतरी लिहिलंय."

"हिंदी!" काका खो खो हसले. "तीस वर्षं बरोबर काम केलं गाढवांनी, हिंदी म्हणे." मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय बोलायचं ते विमानात इंग्रजीत घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. मी नऊ नंबरचं पान वर काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. वरून काकूंच्या पावलांचा आवाज येत होता.

"वरचे चार माझ्याकडे होते," ते शेवटी म्हणाले. "खालचे आठ ते दोघं करायचे. दोघं सहा फुटी. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, कॅन यू मॅनेज? मी म्हटलं, ऑफ कोर्स. एकदा ऑफ कोर्स म्हटलं ना गं, की मग संपलं. मग दर वर्षी ऑफ कोर्स."

"हो," मी म्हणाले.

"मला वाटायचं, मी हलका आहे, काय होणार. आणि मग तो ग्राफ सगळ्यांना इतका आवडला." त्यांनी चष्मा काढला. "किती आहे गं माझं? म्हणजे ड्रॉपपैकी?"

"जवळजवळ सगळा, काका. वरचा अर्धा भाग तसाच आहे."

त्यांनी मान डोलवली, जणू मार्क अपेक्षेइतकेच पडलेत. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवत नव्हते. मला त्यांचा थरथरणारा हात धरावासा वाटला, पण मी धरला नाही.

"मराठीत का लिहिलंत?" मी विचारलं.

"कुठेतरी लिहायला नको का?"

काकू खिचडीच्या वाट्या घेऊन आल्या, दाण्याचं कूट कमी पडलंय म्हणाल्या, आमच्या तोंडांकडे बघितलं आणि काही न विचारता वर गेल्या. काका दोन घास खाऊन बोलायला लागले तेव्हा आवाज बदलला होता. शिकवणाऱ्या माणसाचा आवाज.

"करेक्शन पाठवायचं. माझ्या नावाने. पुढच्या आठवड्यात नाही, आत्ता. तू ड्राफ्ट कर, मी साइन करतो. माझी सगळी वर्षं काढून टाक, सगळी, मधलं एखादं ठेवू नकोस. झुडपांचं खरं आहे, त्याला धक्का लागता कामा नये. लोक काय, एक चूक सापडली की सगळंच खोटं म्हणतील." त्यांनी वाटी खाली ठेवली. "आणि नऊ ते बारा मरत नाहीत. तुझा पहिला समर झीरो धरायचा. तू फळी नेलीस. मी किती वेळा विचारलं तुला, आठवतं? तुला वाटलं असेल, म्हातारा पकवतो. पण मला तेवढं एक हवं होतं, की कुणीतरी तरी नीट करावं. तिथून पुढे क्लीन डेटा. तू, मग तुझी कुणी स्टुडंट. पुढच्या तीस वर्षांत खरं काय ते कळेल."

ते हसत होते. ओल्या डोळ्यांनी, पण खरंच हसत होते. मी माझ्या वाटीतली मिरची बाजूला काढत होते. गप्प बसले असते तरी चाललं असतं, दीड वर्षापूर्वीच्या 'हो हो'वर सगळं उभं होतंच, मला नवीन खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"काका, मी पण नाही नेली."

त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं.

"पहिल्या समरला. फळी बर्चमध्ये टाकली. गुडघ्यांवर केलं."

"किती?"

"चारही."

"शीटवर काय आहे?"

"होय."

ते रागावतील याची मी वाट बघत होते, रागावले असते तर फार सोपं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग खरं कुठे लिहिलंस?"

मी आठवून बघितलं. घरी पाठवलेल्या मेल, मैत्रिणीचे मेसेज, डायरी. डायरीत त्या दिवशी मी ढगांबद्दल लिहिलं होतं.

"कुठेच नाही, काका."

त्यांनी नऊ नंबरचं पान उलटं केलं. झेरॉक्सची मागची बाजू कोरी होती. ती माझ्यापुढे सरकवली, खिशातलं पेन काढायला त्यांना थोडा वेळ लागला, ते कागदावर ठेवलं.

"आधी तुझं लिही," ते म्हणाले. "माझं लिहिलेलं आहे."